मागच्या सीटचा फिटर

"मी मागं बसल्याशिवाय गाडी सोडत नाही," असं फिटर एकदा एका घाईतल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, तेव्हा ते गिऱ्हाईक हसलं होतं.

हसू येण्यासारखंच दृश्य असायचं ते. साठी उलटलेला, खांद्यात थोडा वाकलेला माणूस, कपड्यांवर ग्रीसचे डाग, डोक्यावर ओरखडलेल्या काचेचं हेल्मेट. आणि हा आपल्याच गिऱ्हाइकाच्या मागे, दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवून, शाळेच्या फोटोला बसल्यासारखा बसलेला. गाडी गल्लीतून बाहेर पडू लागली की समोरचा लेथवाला मशीन थांबवून ओरडायचा, "निघाली स्वारी! परत येणार ना रे, की पळवून नेतायत तुला?" फिटर मान वळवायचा नाही. मागच्याने मान वळवली की गाडी त्या बाजूला किंचित कलते आणि चालवणारा नकळत ते सांभाळून घेतो. मग मूळची गाडी कशी चालते ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांच्या मोटारसायकली तो तयार करून द्यायचा. पण दोघं जाणार असतील तरच. एकटा जाणारा कुणी आला तर त्याला तो चौकातल्या दुसऱ्या गॅरेजचा पत्ता सांगायचा. "एकटा माणूस कशाही गाडीवर जातो," म्हणायचा. "वाकतो, उभा राहतो, शिव्या देतो, भागवून घेतो. मागच्याला काही करता येत नाही. त्यानं नुसतं बसायचं."

घराच्या तळमजल्यावर त्याचं वर्कशॉप होतं. रस्त्याकडे शटर, आतून वर जायला लोखंडी जिना, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात भांडं पडलं तर खाली ऐकू यायचं आणि खाली पाना पडला तर वर. खाली एका कोपऱ्यात मोठा वजनकाटा होता, धान्याच्या दुकानात असतो तसा. गिऱ्हाईक आलं की फिटर आधी विचारायचा, मागं कोण बसणार आहे, त्यांना घेऊन या. मग त्या माणसाला बॅगेसकट काट्यावर उभं करायचा. बायका आढेवेढे घ्यायच्या. तेव्हा तो नवऱ्याला म्हणायचा, "साहेब, तुम्ही जरा भिंतीकडं बघा." नवरा भिंतीकडे बघायचा. फिटर काटा वाचायचा, कुणाला काही सांगायचा नाही, आणि मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगची चकती खाच खाच फिरवून आवळत जायचा.

दोघांना गाडीवर बसवायचा आणि स्वतः मागच्या चाकाशी उकिडवा बसून गाडी किती दबते ते बघायचा. मागचा भाग दबला की पुढचा दिवा वर बघायला लागतो. रस्ता सोडून झाडांचे शेंडे उजळतो. तो दिवा खाली घ्यायचा. वजन पडलं की चेन ताणली जाते, म्हणून तिचा ढिलेपणा तो दोघं बसलेली असतानाच बघायचा. बाजूच्या पेट्यांमध्ये जड सामान तळाला आणि पुढच्या अंगाला, हलकं वर. मागचे फूटरेस्ट एवढे खाली की गुडघा आखडू नये, आणि एवढे वर की वळणावर रस्त्याला घासू नयेत. हे सगळं झाल्यावरही त्याचा विश्वास बसायचा नाही. मग तो हेल्मेट घालून मागे बसायचा.

ही खोड त्याला बायकोनं लावली होती. लग्न नवं होतं तेव्हा त्यानं स्वतःची गाडी जीव ओतून तयार केली आणि तिला मागे घेऊन तिच्या माहेरी गेला. दिवसभराचा रस्ता. उतरल्यावर तिला सरळ उभं राहता येईना. हा मात्र खुशीत. विचारलं, "कशी वाटली गाडी?"

"छान केलीत. तुमच्यापुरती."

"म्हणजे?"

"म्हणजे मला काय विचारता? मी कुठं गाडीवर होते? मी तर मागं होते."

परत आल्यावर त्यानं लेथवाल्याला गाडी चालवायला लावली, स्वतः मागे बसला आणि त्याच रस्त्यानं निम्म्या वाटेपर्यंत जाऊन आला. उतरला तो कमरेवर हात ठेवून पायरीवरच बसला. लेथवाला म्हणाला, "काय रे, दिवस गेलेत की काय?" फिटर हसला नाही. त्याच संध्याकाळी त्यानं मागच्या स्प्रिंगा खोलून काढल्या. त्या दिवसापासून त्याच्या कामाचा एवढाच अर्थ राहिला: पुढच्याला जे जाणवत नाही ते आपण जाणून घ्यायचं.

आता त्याच्यापुढे उभी होती ती त्याच्या मुलाची गाडी.

मुलगा छापखान्यात मोठ्या यंत्रावर कामाला होता आणि बायकोबरोबर दोन गल्ल्या सोडून राहायचा. गाडी जुनी घेतलेली, पण दणकट, रुंद टाकीची, लांब पल्ल्यासाठीच बनवलेली. लग्न झाल्यापासून तो बायकोला म्हणत आला होता की, जिथं रस्ता संपतो आणि खाली समुद्र दिसतो तिथं तुला घेऊन जाईन. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. या वर्षी दोघांची रजा एकदम मंजूर झाली होती.

सून एका तपासणी प्रयोगशाळेत होती. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ऊन चढायच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. दिवसाचा बहुतेक वेळ ती स्वतःच्या लहान मोटारसायकलवर असायची. तिची ती गाडीही फिटरच बघायचा.

मापं घ्यायला दोघं आली त्या दिवशी ती बॅग घेऊन काट्यावर चढली आणि म्हणाली, "बाबा, आकडा मोठ्यानं वाचू नका हं."

"मला कुठं वाचायचाय? स्प्रिंगला वाचायचाय."

"स्प्रिंगला आत्ताच घाम फुटलाय," मुलगा म्हणाला.

तिनं हातमोज्यांची जोडी त्याच्या डाव्या खांद्यावर हाणली. तो इतका दचकला की हातातला चहा सांडला. "धांदरट," जिन्यावरून त्याची आई म्हणाली. "लहानपणापासून असाच. परवा माझा पाण्याचा तांब्या पाडला. समोर ठेवलेला, दिसला नाही म्हणे."

"समोर नव्हता, बाजूला होता," मुलगा म्हणाला, आणि सगळी हसली.

सून मागच्या सीटवर बसली. फिटरनं तिला डोळे मिटायला सांगितलं आणि गाडी दोन्ही हातांनी हलवली. "कुठं टोचतंय?" नाही म्हणाली. "पाठीला?" पेटीच्या टेकूला रेलून तिनं एक लांब श्वास सोडला. "बाबा, मी तर इथं झोपणार आहे. रोज दिवसभर मीच चालवते. कुठला खड्डा, कुठला कुत्रा, कोण मध्ये येतंय, मलाच बघावं लागतं. हे पंधरा दिवस मला काही बघायचं नाही."

फिटरनं फोम बदलला, टेकू बोटभर पुढे घेतला, ब्रेकचं तेल आणि पॅड नवे घातले. रविवारी सकाळी त्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि मुलाला म्हणाला, "चल."

मुलगा गाडी चांगली चालवत होता. गिअर बदलताना झटका नाही, क्लच सोडताना हिसका नाही. वखारींच्या भिंती मागे पडल्या, पूल गेला. फिटर तळवे मांड्यांवर ठेवून ऐकत होता. असा बसला की तो कानांनी कमी आणि पाठीच्या कण्यानं जास्त ऐकायचा. स्प्रिंग बरोबर होती. दिवा बरोबर होता. मग बाजाराच्या तिठ्यावर डावीकडून एक हातगाडी आली. फिटरला ती लांबूनच दिसली होती, मुलाच्या खांद्याआडूनसुद्धा. गाडीचा वेग कमी झाला नाही. तो शेवटच्या क्षणी झाला, एकदम, आणि फिटरचं हेल्मेट मुलाच्या हेल्मेटवर आदळलं. हातगाडीवाल्यानं शिवी दिली. मुलानं हात वर करून माफी मागितली आणि निघाला.

लक्ष नव्हतं, फिटरला वाटलं. पण पुढे डाव्या वळणावर मुलाची मान नको तेवढी वळली, खांद्यापर्यंत. अंधाऱ्या खोलीत बटण शोधताना वळते तशी. उजव्या वळणावर तसं झालं नाही.

सिग्नलला गाडी थांबली. फिटरनं मांडीवरचा डावा हात उचलला आणि हळूहळू पुढे नेला. मुलाच्या कोपरापाशी, खांद्यापाशी, मग हेल्मेटच्या काचेच्या कडेपाशी. तिथं त्यानं बोटं हलवली. मुलगा समोरच्या दिव्याकडे बघत होता. फिटरनं हात मागे घेतला. मग उजवा हात तसाच पुढे नेला. तो खांद्याच्या जरासा पुढे गेला तोच मुलगा म्हणाला, "काय करताय, बाबा?"

"काही नाही," फिटर म्हणाला. "पुढं बाजूला घे."

एका बंद वखारीच्या भिंतीशी त्यांनी गाडी लावली. भिंतीवर जुन्या जाहिरातीचे रंग पोपडे धरून सोलले होते. इंजिन थंड होताना टकटक वाजत होतं.

"कधीपासून?" फिटरनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"डावा हात तुझ्या डोळ्यापर्यंत आणला होता मी."

मुलानं हेल्मेट काढलं, ते टाकीवर ठेवलं आणि त्याच्या आत बघत राहिला. "काचबिंदू आहे," तो म्हणाला. "डाव्याला जास्त. यंत्रावर कागदाच्या थप्पीला सारखं कोपर लागायला लागलं, म्हणून दाखवायला गेलो. थेंब घालतोय रोज. आहे ते टिकेल म्हणतात. गेलेलं येत नाही."

"तिला माहीत आहे?"

मुलानं मान हलवली. नाही.

"थेंब कुठं ठेवतोस मग?"

"छापखान्यात."

फिटरनं भिंतीचा एक पोपडा नखानं उचकटला. मुलगा भरभर बोलायला लागला. "सांगितलं तर ती रजा रद्द करेल. गाडी विकून टाक म्हणेल. उजवा चांगला आहे माझा, बाबा. मी हळू चालवीन, आरसा आहे, मान वळवून बघतो मी. इतकी वर्षं तिला सांगतोय, नेतो, नेतो. एकदा नेऊ द्या. आल्यावर सांगतो. तुमची शपथ."

"आल्यावर."

"हो."

"हातगाडी आली तेव्हा तुझी मान कुठं होती?"

मुलानं टाकीवरचं हेल्मेट उचलून हातात घेतलं.

"ती डोळे मिटून बसणार आहे मागं," फिटर म्हणाला. "ऐकलंस ना तू?"

"तुम्ही सांगणार तिला?"

"मी कशाला? डोळा तुझा, बायको तुझी. शनिवारी सकाळी गाडी न्यायला या. तोवर तू सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

फिटरनं हात पुढे केला. त्यानं किल्ली मागितली. "मागं बस," म्हणाला.

परतीच्या वाटेवर मुलगा त्याच्या मागे बसला. पहिल्याच वळणावर तो ताठ झाला आणि उलट्या बाजूला झुकला. मागे बसायचं कसं ते तो विसरून गेला होता. "माझ्या खांद्यावरून बघ, माझ्याबरोबर कल," फिटर ओरडला. पुढच्या वळणावर ते थोडं जमलं. फिटरला जवळजवळ कळलंच नाही की मागे कुणी आहे. गल्लीत शिरताना लेथवाला हसून म्हणाला, "काय रे, ड्रायव्हर बदलला? पोराला चालवता येईना वाटतं!" मुलगा उतरला आणि कुणाशी न बोलता आपल्या घराकडे चालू लागला.

त्या दिवशी फिटर ताटावर बसला आणि घास हातातच राहिला.

"अहो, जेवताय की ताटाशी बोलताय?" बायको म्हणाली.

"तू माझ्या मागं बसायचीस, तेव्हा भीती नाही वाटायची?"

"कशाची? तुम्हाला दिसत होतं ना पुढचं."

तिनं ते पोळीवर तूप लावावं इतक्या सहज म्हटलं आणि आमटीचं भांडं उचलायला वळली. फिटरनं हात धुतला. खाली जाऊन तो गाडीपुढच्या स्टुलावर बसला.

एक सोपा रस्ता होता. गिअरबॉक्स खोलावा लागेल, भाग मिळत नाही, असं सांगितलं की झालं. त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. रजा संपून गेली असती. त्यानं पाना उचलून तेलाच्या नटावर लावलासुद्धा. पण मुलगा दुसरी गाडी घेऊन गेला असता, भाड्याची, कुणीही न बघितलेली. आणि हा नाही तर पुढचा उन्हाळा. त्यानं पाना नटावरून काढला. सुनेला सांगणं हा दुसरा रस्ता. तो तर याहून सोपा होता: ती येईल, तिच्या कानावर घालायचं, मोकळं व्हायचं. मग ती दोघं आयुष्यभर एकमेकांपुढे बसतील तेव्हा मध्ये बापानं सांगितलेली ती गोष्ट बसलेली असेल. माणसाला डोळ्यानं फसवलं तर तो डोळ्यावर रागावतो. पण बायकोला जे आपण सांगायचं ते दुसऱ्यानं सांगितलं, तर तिनं रागवायचं कुणावर?

बुधवारी सून तिची लहान गाडी घेऊन आली. तेल बदलायचं होतं. तिनं नवे बूट घेतले होते, ते दाखवले. समुद्राजवळ थंडी असेल का, दोन स्वेटर पेटीत बसतील का, असं बरंच काही बोलली. तिच्या बोलण्यात कुठे फट नव्हती. मुलानं सांगितलेलं नाही हे फिटरला त्यावरून कळलं.

"मला स्पेअरच्या दुकानापर्यंत सोडशील?" त्यानं विचारलं.

"माझ्या मागं बसणार? बाबा, माझी परीक्षा घेताय?"

"चपटे वॉशर संपलेत."

वॉशर भरपूर होते. तो तिच्या मागे बसला. बाजारातून, दुपारच्या गर्दीतून ती गेली. कुठे ब्रेक लागतोय ते कळत नव्हतं, कारण ब्रेक लावायची वेळ यायच्या आतच ती वेग सोडून द्यायची. बंद दुकानाच्या पायरीवर बसलेलं मूल उठण्याच्या बेतात आहे, हे तिनं ते उठायच्या आधी पाहिलं. तिठ्यावर डावीकडून सायकल आली, तेव्हा ती आधीच अर्धा हात उजवीकडे सरकली होती. नमुन्यांच्या नळ्या हिंदकळू नयेत म्हणून तिनं हे अंगी बाणवलं असावं. फिटरचे तळवे मांड्यांवर सैल पडले. एवढ्या वर्षांत कुणाच्याही मागे बसल्यावर त्याला अशी डुलकी यावीशी वाटली नव्हती.

दुकानापाशी उतरून तो म्हणाला, "गाडी माझ्याकडं राहू दे आज. चेन बघतो. उद्या ने."

"मी चालत जाऊ?"

"चाल जरा. नवे बूट आहेत."

त्या संध्याकाळी शटर अर्धं खाली घेऊन त्यानं दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या: एक बुटकी, धुळकट, दुसरी भरलेल्या अंगाची. सुतळीचा एक तुकडा घेतला. लहान गाडीच्या सीटपासून जमिनीपर्यंत सुतळी धरली, तिथे गाठ मारली. सीटपासून हँडलच्या मुठीपर्यंत, दुसरी गाठ. मुठीपासून क्लचच्या दांडीपर्यंत, गाठ. ब्रेकच्या पेडलपर्यंत, आणखी एक. मग तीच सुतळी त्यानं मोठ्या गाडीला लावली. प्रत्येक गाठ कुठे ना कुठे हवेत राहिली.

पुढच्या सीटचं कव्हर उसवून त्यानं फोम कापला, पातळ पातळ, धार लावलेल्या सुरीनं, मांडीच्या आतल्या बाजूला जास्त, म्हणजे पाय सरळ खाली उतरतील. पुढच्या चाकाला धरणारे फोर्क पकडीतून थोडे वर सरकवले, त्यानं गाडीचं तोंड खाली आलं. हँडल मागे फिरवलं. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या लहान बोटांच्या अंतरावर आणल्या. गिअरचं पेडल अर्ध्या बुटानं खाली घेतलं. मागच्या सीटसाठी त्यानं मुलाचं वजन मनात धरलं. ते त्याला काट्याशिवाय माहीत होतं. स्प्रिंगची चकती आणखी आवळली, टेकू मागे सरकवला, फूटरेस्ट लांब पायांसाठी खाली घेतले, दोन्ही टायरमध्ये हवा वाढवली, दिवा पुन्हा उतरवला.

गाडी खाली आल्यावर बाजूचा स्टँड लांब पडायला लागला. गाडी त्यावर इतकी सरळ उभी राहत होती की वाऱ्यानंही आडवी व्हावी. दुसऱ्या दिवशी तो स्टँड घेऊन लेथवाल्याकडे गेला.

"एवढा काप. पुन्हा वेल्ड कर."

लेथवाल्यानं खूण बघितली. "कुणासाठी एवढी बुटकी करतोयस? पोरगा आटला की काय तुझा?"

"तू काप."

लेथवाल्यानं त्याच्या तोंडाकडे बघितलं, तोंडात आलेला पुढचा विनोद गिळला आणि चष्मा लावून यंत्र सुरू केलं. ठिणग्या दोघांच्या मध्ये पडत राहिल्या.

शुक्रवारी मुलगा आला नाही. फिटरनं शटरकडे बऱ्याचदा पाहिलं.

शनिवारी सकाळी दोघं बॅगा घेऊन आली. सून आधी आत शिरली, तिच्या मागून मुलगा, डोळ्यांखाली न झोपल्याची छाया असलेला. त्यानं बापाकडे एकदाच पाहिलं आणि नजर वळवली. सांगितलेलं नाही, हे त्यात आलं. फिटर आरसे पुसत होता. बाजूच्या पेट्या उघड्या होत्या. सुनेनं त्यात कपडे, चपला, औषधांची पिशवी भरली. जड तळाला, हलकं वर, तिला सांगायची गरज पडली नाही. वरून सासूची हाक आली, "पाण्याच्या बाटल्या घेतल्या का?" आणि पाठोपाठ ती स्वतःच बाटल्या घेऊन जिना उतरली.

मुलानं हेल्मेट घातलं आणि सवयीनं गाडीवर टांग टाकली.

तो बसला तो नको तेवढा खाली बसला. गुडघे टाकीच्या वर आले. हातांनी मुठी धरल्या तर कोपरं पोटाशी दुमडली गेली. त्यानं क्लच दाबला. दांडी बोटांच्या पहिल्या पेरापाशीच भेटली. त्यानं ती सोडली आणि पुन्हा एकदा सावकाश दाबली.

"हे काय, बाबा!" सून हसत सुटली. "ह्याचे गुडघे बघा. बेडूक बसलाय जसा काही. सर्कशीत निघालोय का आम्ही?"

मुलगा हसला नाही. फिटरही नाही. तिचं हसू हळूहळू विरलं. तिनं मागच्या सीटकडे पाहिलं, लांब खाली गेलेल्या फूटरेस्टकडे, मागे सरकलेल्या टेकूकडे. "कुणासाठी केलीत ही?" तिनं विचारलं.

सासू शेवटच्या पायरीवर बाटल्या धरून थांबली.

फिटरच्या जिभेवर एक थाप तयार होती. रस्त्यात तो दमला तर तुला घेता यावी म्हणून, एवढंच म्हणायचं, की सकाळ पुन्हा जागेवर आली असती. खरी गोष्ट तर त्याहूनही थोडक्या शब्दांत सांगता आली असती. तो दोन्ही गिळून आरसा पुसत राहिला, पुसून स्वच्छ झालेला.

मुलगा गाडीवरून उतरला. उतरताना त्याचं डावं कोपर पेटीच्या उघड्या झाकणावर आपटलं. त्यानं ते चोळलं नाही. हेल्मेट काढून हातात धरलं. "तू बस," तो तिला म्हणाला.

"मी? कशाला?"

"बसून तर बघ."

ती बसली. दोन्ही बूट पूर्ण जमिनीवर टेकले. हात मुठींवर गेले आणि बोटं न शोधता दांड्यांवर पडली. आरशांत मागचं सगळं नेमकं मधोमध आलं. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. तिला सगळं नीट बसत होतं आणि त्याचीच तिला भीती वाटू लागली होती.

"मी मागं बसणार होते," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मला सुट्टी होती."

"हो."

"मग?" तिनं नवऱ्याकडून नजर काढून सासऱ्याकडे वळवली. "बाबा? काय झालंय?"

"त्यांना नको विचारू," मुलगा म्हणाला. त्यानं हेल्मेट खाली जमिनीवर ठेवलं आणि तिच्या डाव्या बाजूनं फिरून समोर आला, तिला तो पूर्ण दिसेल आणि त्याला ती पूर्ण दिसेल अशा जागी. "मी सांगतो. मला आधीच सांगायचं होतं."

फिटरनं फडकं बाकाला लावलेल्या पकडीच्या दांड्यावर टाकलं. बायकोच्या हातातल्या बाटल्या घेऊन त्या बाकावर ठेवल्या. मग अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून तो बाहेर पडला.